बायजाआत्याचं तोंड

“अवो ए लाल पातळवाली! मरळीचं तोंड पाहून काऊन पळून राह्यली? घरच्या तोंडापेक्षा बरं आहे न!”

बाजारभर हशा पिकला. लाल पातळवाली थांबली, वळली, आणि तिच्यासोबत लाल पातळ न नेसलेल्या निम्म्या बाजारातल्या बायाही वळल्या. ही माझी बायजाआत्या. पुढ्यात मासळीची टोपली, टोपलीवर ओलं पोतं, कमरेला चुन्याची डबी, आणि तोंड असं उघडलेलं की आत बसून एखाद्या पोट्ट्यानं अभ्यास केला असता. तिच्याबद्दल मी जे सांगते ते सगळं खरं आहे. जे खरं नाही ते फक्त थोडं फुगलेलं आहे, पावसाळ्यात दार फुगतं तसं. आत्यानं बाजारातून हाक मारली की नाल्यापलीकडच्या गावच्या म्हशी आपल्यालाच बोलावलं समजून उठून उभ्या राहत. एकदा फाट्यावरून सुटलेली एसटी तिच्या हाकेनं थांबली. ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागला, “कोन थांबवली गाडी?” आत्या म्हणाली, “मी रोहू विकून राह्यली, तुले कोन बोलावलं? आता आला तं घेऊन जा.” त्यानं घेतला. आज त्याच रस्त्यानं सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक जातात, दिवसभर भोंगे वाजवतात, माझ्या ओसरीवर लाल धूळ बसते आणि शेजारच्या सुना कानांवर हात ठेवतात. मी ठेवत नाही. माझे कान बायजाआत्याच्या शाळेत शिकलेले आहेत.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन तिकडं राजुऱ्याकडं गेली होती, कोळशाच्या खाणींच्या बाजूला. थोड्याच वर्षांत परत आली. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून आली, असं आई सांगे. आत्याचं म्हणणं वेगळं होतं: “त्याच्या कानाचे पडदे फाटले, त्याले मी काय करू?” आली ती अशी आली की घर तिचं झालं आणि आम्हीच तिच्याकडं पाहुणे आल्यासारखे राहू लागलो. बाबांचा आवाज म्हणजे पोत्याआडून उंदरानं बोलावं तसा. ते जाळं विणायचे, जाळं फेकायचे, आणि बोलायचं सगळं काम बहिणीवर सोपवून मोकळे झाले होते. आईला आवाज होता, पण ती तो खर्च करत नसे. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, आईसोबत मासळी सुकवायची, आत्यासोबत टोपली उचलायची, आणि घरात जे चाललं असेल त्यात तोंड घालायचं, एवढे माझे उद्योग.

आमचा तलाव मालगुजारांच्या काळचा. एका बाजूला मातीची लांब पाळ, पलीकडं मोहाची झाडं आणि मग जंगल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या ढिवरपुऱ्यातली, म्हणजे मासळी धरणाऱ्यांच्या वस्तीतली, सगळी घरं आपापली जाळी आणून एकाला एक शिवत आणि तलाव एका दमात ओढत. दोन्ही काठांवर माणसं, मधल्या पाण्यात ते भलंमोठं जाळं, आणि जाळ्याची खालची दोरी चिखलाला चिकटून राहिली पाहिजे, यात सगळी गोम. एक काठ घाईनं ओढू लागला आणि दुसरा मागं राहिला की दोरी उचलते, आणि मासळी तिच्याखालून निघून जाते. म्हणून पाळीवर एक माणूस उभा राहून हाक देतो. लांब हाक म्हणजे ओढा, तुटकी हाक म्हणजे थांबा. हे काम माझ्या आजोबांचं. त्यांच्यामागं ते बाबांकडं यायला हवं होतं, पण बाबांनी हाक दिली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, “काही म्हटलं का?” मग आत्या पदर खोचून पाळीवर चढली. बाईनं हाक द्यावी का यावर म्हाताऱ्यांनी कुरकुर केली म्हणतात, पण तिची पहिली हाक सुटली आणि कुरकुर करणाऱ्यांना आपलीच कुरकुर ऐकू येईना. मी लहानपणापासून ते पाहत आले. लांबच लांब ‘हेऽऽऽ’ पाण्यावरून जायची, पाण्याला वळ्या पडायच्या, पलीकडचे बगळे उठायचे, आणि दोन काठांवरची सगळी माणसं एकाच अंगाची असल्यासारखी मागं रेलायची. देव कसा दिसतो असं मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, त्याच्या कमरेला चुन्याची डबी असते.

त्या डबीतच सगळं पाणी मुरत होतं. आमच्याकडं खर्रा काय असतो हे कोणाला सांगावं लागत नाही, पण हे पुस्तक पुण्याकडं गेलं तर असावं म्हणून लिहिते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातानं घोटायचा, चांगला ओलसर आणि ऊन होईपर्यंत, आणि मग गालात धरून ठेवायचा. खर्रखर्र आवाज होतो घोटताना. आमच्या घरची सकाळ कोंबड्यानं होत नसे, ओसरीवर आत्याच्या हाताखाली पन्नी वाजू लागली की होई. दारू तेव्हा आमच्या जिल्ह्यात बंद झाली होती. बायांनीच ओरडून बंद करायला लावली होती, आणि आमच्या गावच्या मोर्चात सगळ्यात पुढं आत्या होती, गालात खर्रा धरून घोषणा देत. खर्ऱ्याला वाईट कोण म्हणणार? पाहुणा आला की पाण्याआधी पुडी. लग्नात अक्षता पडल्या की पुडी. मयतीला गेलं तर रडून झाल्यावर डोळे पुसता पुसता पुडी. पुढं आलेला हात परत पाठवणं म्हणजे त्या माणसाच्या घरचं पाणी नाकारणं. मला पहिली पुडी देऊ केली ती माझ्या मावशीच्या सासऱ्यांनी, मॅट्रिकचा निकाल लागला म्हणून.

आमच्या घरातून आधी मिरची गेली. आत्या भाजलेली लाल मिरची भाकरीसोबत अशी खायची जशी लोक काकडी खातात. एके दिवशी तिनं लाखोळीच्या डाळीचा घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “शेवंते, काय टाकलं वो याच्यात?” आईनं काही टाकलं नव्हतं, रोजचंच होतं. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं मिरची कमी केली. मग भाकर गेली, कारण बारीक तुकडे करूनही ती आत्याच्या तोंडात नीट जाईना. भाकरीच्या जागी भात आला. मग भात मऊ झाला. मग आणखी मऊ, मग असा गिजगा की ताटातून ओघळायचा. मासळीचे काटे आई आपल्या बोटांनी काढी, कुस्करून भातात कालवी. आत्याला एकटीला वेगळं रांधलं असतं तर त्यावर बोलावं लागलं असतं, म्हणून आई सगळ्यांचंच मऊ करत गेली. दातांनी जाळ्याची दोरी तोडणारे माझे बाबा आणि दातांनी चिंचोके फोडणारी मी, सगळे तान्ह्या पोरांसारखे जेवू लागलो. बाबांनी एकदा हळूच विचारलं, “मिरची महाग झाली काय?” आई म्हणाली, “हौ.” एवढ्यावर कितीतरी महिने निघाले. आता इतक्या वर्षांनी वाटतं, घरातलं एक माणूस हळूहळू बुडत असलं की मायेची माणसं त्याच्यासोबत घराची जमीनच खाली नेतात, म्हणजे पाणी वाढलेलं कोणाच्या नजरेला येत नाही.

माझ्या नजरेला येत होतं, आणि गप्प बसणं माझ्या रक्तात नव्हतं. मी पुड्या लपवल्या. आत्यानं त्या नुसत्या वासानं तांदळाच्या ढोलीच्या तळातून काढल्या. मी खर्ऱ्यात कडुलिंबाचा पाला वाटून मिसळला, तर म्हणाली, “आज ठेलेवाल्यानं जीव लावून घोटला बाप्पा!” मी रागानं एक पुडी बकरीला चारली. त्या बकरीला अशी चटक लागली की ती दुसऱ्या दिवसापासून पानठेल्यासमोर गिऱ्हाइकांच्या मागं उभी राहू लागली, आणि ठेलेवाला ओळीत तिचाही नंबर धरू लागला. बरं, बकरीचं राहू द्या. मी आत्याला देवीपुढं नेलं, शपथ घ्यायला लावली. तिनं हात जोडले, डोळे मिटले, मोठ्या भक्तीनं शपथ घेतली, आणि देवळाची पायरी उतरताच हात कमरेला गेला. मी किंचाळले. ती म्हणाली, “देवी समजते, सुमे. तूच काऊन नाई समजत?” मी तिच्यापुढं रडले, भांडले, अबोला धरला. माझं रडणं तिला लागत नव्हतं असं नाही. खरंच लागायचं. ती मला जवळ ओढून माझं डोकं कुरवाळायची, आणि दुसऱ्या हातानं मांडीवरची पन्नी घोटत राहायची. तो आवाज माझ्या कानाला लागून असायचा.

मग उन्हाळ्यात तलाव ओढायचा दिवस आला. पाळीखाली चुली मांडलेल्या, पोट्टे झाडांवर चढलेले, व्यापारी बर्फाच्या पेट्या घेऊन आलेले. सकाळ अशी निवांत होती की मोहाचं एक पान हलत नव्हतं. आत्या पाळीवर चढली. गालातला खर्रा थुंकला, चूळ भरली, पदर खोचला, कमरेवर हात ठेवले. दोन्ही काठांनी दोर उचलले. आत्यानं छाती भरून घेतली आणि हाक दिली.

हाक निघाली ती दातांच्या आडून, झाकण ठेवलेल्या गंजातून वाफ निघते तशी. अलीकडच्या काठाला ती ऐकू गेली, त्यांनी ओढलं. पलीकडचा काठ उभाच. तिनं थांबायची हाक दिली, तीही तशीच. अलीकडचे थांबले, आणि नेमकं तेव्हाच पलीकडच्यांनी, हे ओढताहेत असं पाहून, जोर लावला. जाळं तिरकं झालं आणि खालची दोरी चिखलातून सुटली. त्यानंतर मी जे पाहिलं त्यात कणभरही फुगवलेलं नाही, फुगवायला जागाच नव्हती. तलावाचं पाणी आतून उजळलं. झोपलेल्या मोठ्या जनावरानं कूस बदलावी तशी सगळी मासळी एका वळणानं वळली आणि उचललेल्या दोरीखालून जाऊ लागली. रोहू गेले, कटले गेले, मरळी गेल्या. काही पाण्याबाहेर उडाल्या, उन्हात लखलखल्या, बाबांच्या डोक्यावरून पलीकडं पडल्या. आमच्या तलावात एवढी मासळी आहे हे आम्हाला ती जाताना कळलं. तिचं जाणं इतकं सुंदर होतं की क्षणभर कोणाला आपलं नुकसान आठवलंच नाही. सगळा ढिवरपुरा तोंडं वासून उभा होता. फक्त पाळीवरच्या बाईचं तोंड उघडलेलं नव्हतं.

बाईच्या हाकेवर एके काळी कुरकुर करणारे सोनबाकाका चिखल तुडवत वर आले. आता काय बोलतात म्हणून मी श्वास धरला. ते म्हणाले, “वारा होता, बायजाबाई. उलटा वारा.”

“हौ न,” आणखी एकजण म्हणाला, “इकडं तं लयच होता.”

तिसऱ्यानं तर उडू नये म्हणून टोपी सावरली. एका व्यापाऱ्याला हसू आलं, त्याला कोणीतरी कोपरानं ढोसलं. आत्या खाली उतरली आणि दातांच्या आडून म्हणाली, “वारा होता.” मी कृतज्ञतेनं त्या माणसांकडं पाहत होते. पोट ज्या मासळीवर भरायचं ती गेलेली, आणि तरी एका बाईची लाज राखायला सगळा पुरा मिळून वारा वाहवत होता. आई मात्र रिकाम्या जाळ्याची कड हातात धरून मोहाच्या झाडाकडं बघत होती.

जाळ्यात उरली ती बारीक काटेरी मासळी सगळ्यांनी वाटून घेतली. दुपारी आईनं तिचं कालवण केलं. तिनं मिरच्या वाटल्या तेव्हा शेजारच्या घरातलं मांजर शिंकलं. काटे जसेच्या तसे राहिले. तव्यावर तांदळाच्या भाकरी कडक भाजल्या. ताटं वाढली. आत्या पाटावर बसली, ताटाकडं पाहिलं.

“भात कुठी आहे?”

“नाई केला,” आई म्हणाली.

“मंग मी खाऊ काय?”

“भाकर आहे. कालवण आहे.”

“तिखट आहे हे.”

“तुमीच शिकवलेलं आहे, बाई. या घरात आली तं मले फोडनी देताबी येत नव्हती.”

आत्या ओरडायला गेली. ओरडणं दातांशी येऊन अडलं, मानेच्या शिरा तेवढ्या फुगल्या. “माह्या भावाचं घर आहे हे, शेवंते!”

“हौ. भाऊबी हेच खाऊन राह्यला.”

बाबा भाकरीचा तुकडा तोंडाशी धरून तसेच थांबले. नाकातून पाणी वाहत होतं, पण इतक्या महिन्यांनी तिखट मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावरून लपत नव्हता. ते पुटपुटले, “टाक न थोडासा भात…”

आईनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती आत्याला म्हणाली, “तलावावर वारा नव्हता, बाई. पानबी हालत नव्हतं.”

मी त्या घरात जन्मले, वाढले. आई त्या घरात आत्याला असं काही बोलेल आणि छप्पर जागच्या जागी राहील, असं मला कधी वाटलं नव्हतं. आत्या उठली, ताट तसंच राहिलं. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चहा आणि खर्रा, खर्रा आणि चहा. बाजारात बसायची, पण गिऱ्हाईक बोलवायची नाही. आई रोज भाकर करी, कालवण करी, आत्याचं ताट वाढी, आणि ते थंड झालं की उचलून ठेवी. आर्जव नाही, टोमणा नाही. माझ्यानं बघवेना. मी गोठ्याच्या मागं जाऊन पेज शिजवली, लोट्यात घेतली आणि आत्याकडं नेली.

तिनं लोट्यात पाहिलं. “तिनं देल्ली का?”

“नाई. मी केली.”

“मंग ने.” आणि उपाशीपोटी तिनं लोटा माझ्याकडं असा सारला की एक थेंब सांडला नाही. राणीनं मांडलिकाचा नजराणा परत करावा तसा.  ही बाई स्वतःच्या तोंडाची अशी वाट लावते, आणि मान अशी धरते!

मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि आईवर तुटून पडले. “तुले काही दयामाया आहे का? ते बाहेर उपाशी बसून राह्यली, आन् तुह्या नरड्याखाली घास उतरते तरी कसा?”

आई भांडी घासत होती. “मी कुठी जेवली?” ती म्हणाली आणि गंज पालथा घातला.

दाराशी आत्या उभी होती. तिनं ते ऐकलं. आईच्या मनगटातल्या बांगड्या कोपराकडं घसरत होत्या, त्या मला तेव्हा दिसल्या आणि तिलाही दिसल्या.  दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सणाचं लुगडं नेसून ओसरीवर येऊन बसली. बाबांनी विचारलं, “कुठी?” ती म्हणाली, “गडचिरोलीले. दवाखान्यात. सुमे, चाल.”

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती, पुण्यामुंबईकडची असावी, बोलणं फार स्वच्छ. म्हणाली, “मावशी, तोंड उघडा.”

आत्या म्हणाली, “उघडलंच तं आहे.”

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा आत्याकडं. “अजून उघडा बरं, पूर्ण.”

“आनखी कुठी उघडू? उघडलं न!”

तिनं बोट घालून पाहिलं, ते धड आत जाईना. तिनं भाषण दिलं नाही, भीतीही घातली नाही. भिंतीवरचा छोटा आरसा काढून आत्याच्या हातात दिला. आत्या आरशात पाहत राहिली. किती वेळ ते सांगत नाही, फुगवल्यासारखं वाटेल. मग मला म्हणाली, अगदी हळू, “सुमे, मले वाटे उघडते म्हून. रोज तं जेवत होती मी.”

गालाच्या आतलं कातडं ताठ झालं होतं. तुकडा काढून तपासायला पाठवला. तो निकाल येईपर्यंत आमच्या घरात कोणी जोरात पाऊलही टाकलं नाही. कर्करोग निघाला नाही. पण डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलं: खर्रा आजपासून बंद, नाहीतर पुढच्या वेळी असं सांगता येईलच असं नाही. तिखट बंद, मऊ खायचं, आणि दातांच्या मध्ये चपट्या लाकडी काड्या एकावर एक घालून रोज तोंड ताणायचं. थोडं उघडेल, पहिल्यासारखं होणार नाही. घरी आल्यावर आईनं दोन चुली पेटवल्या. एकीवर आमचं तिखट, दुसरीवर पेज. पेजेचं ताट आत्यापुढं ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हे तुमचं, बाई. आजाऱ्याचं.” आत्या ते ऐकून खाली मान घालून जेवली. आधीही असंच मऊ होतं, याच हातचं. पण आता त्याला नाव होतं.

यानंतर जे झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. मी वाघ पाहिलाय, नाल्यात, हाकेच्या अंतरावरून. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं मला रामराम केला असं मी लोकांना सांगते. पण अंगावर जो शहारा आत्याला पाहून आला तो वाघाला पाहून आला नाही. सकाळी उठून ती ओसरीवर बसायची आणि तिचा तळहात मांडीवर आपोआप चालू लागायचा, रिकामाच. हात चाललाय हे कळलं की ती तो दुसऱ्या हातानं दाबून धरायची, जसं भरल्या जाळ्यातली मरळ दाबून धरतात. काड्या दातांत घालून ताणताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, हुंदका मात्र नाही. चिडायची, भांडी आपटायची, आईशी उगाच भांडण उकरायची, आणि आई त्या भांडणाला पुरेल एवढंच बोलायची. मध्ये दोनदा तिनं पुन्हा खर्रा खाल्ला. एकदा गोठ्यामागं मीच पाहिलं, गाल फुगलेला. मला वाटलं, संपलं. मी धावत जाऊन आईला सांगितलं. आईचा चेहरा उतरला, पण ती उठली नाही. म्हणाली, “मी का तिच्या तोंडात बसून राहू? पेज होऊन राह्यली, हाक मार जेवाले.” लग्नाकार्यात लोक पुडी पुढं करतच होते. आत्या हात जोडायची आणि म्हणायची, “आता नाई.” सोडला, असं तिनं एकाही पाहुण्याला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर कोणी उभं राहायचं यावर पुऱ्यात बोलणी झाली. सोनबाकाकांनी आपल्या नातवाचं नाव सुचवलं. आत्या उठून तलावाकडं गेली, काठावरचा एक जुना फुटका लाकडी डोंगा चार माणसांकडून पाळीवर चढवून घेतला, पालथा घातला आणि हातात बांबू घेऊन त्याच्यापाशी उभी राहिली. तोंड आता अर्धंमुर्धं उघडत होतं, हाकेपुरतं नाही. तिनं बांबू हाणला. त्या पोकळ लाकडातून जो आवाज निघाला तो आधी पाळीतून पायांत शिरला आणि मग कानात. लांब घुमणारा एक घाव म्हणजे ओढा, दोन तुटके घाव म्हणजे थांबा. दोन्ही काठ एका अंगानं मागं रेलले. बगळे उठले. दोरी चिखलाला धरून सरकत आली, सरकत आली, आणि जाळं काठाला लागलं तेव्हा पाणी उकळी फुटल्यासारखं झालं. त्या आवाजानं जंगलातली सांबरं पाण्यावर आली होती असं मी सांगते. आली नसतील. पण यायला हरकत नव्हती.

दुपारी सगळं आटोपल्यावर आत्या पाळीखाली सावलीत बसून मासळी साफ करत होती. खवले तिच्या हातांवर, लुगड्यावर, केसांत चमकत होते. मी तिच्यासमोर बसले. माझा ऊर भरून आला होता, आणि ऊर भरला की मी भाषण करते. मी म्हणाले, “आत्या, तुह्यासारखी बाई या दोन जिल्ह्यांत नाई. वाघालेबी आपली शिकार सोडवत नाई वो, आन् तू खर्रा सोडला. पहाड हालन, पर तू हालत नाई. तुह्या नावाचा दगड बसवाले पाह्यजे पाळीवर. आता तं तुले खर्ऱ्याची आठवनबी येत नसन.”

तिनं मरळीचं पोट चिरलं, आतलं काढून बाजूला टाकलं, दुसरी मरळ हातात घेतली.

“आता येऊन राह्यली,” ती म्हणाली.